ऑनलाईन अध्ययनातील साधन म्हणून समाजमाध्यमे : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. त्यानंतरच्या जवळपास दोन शैक्षणिक वर्षांत आपल्या महाविद्यालयांतून जे अध्यापन झाले, त्याचा मोठा भाग समाजमाध्यमांच्या आधारे झाला. अध्ययन-व्यवस्थापनाच्या स्वतंत्र संगणकप्रणाली, शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ, २०१७ मध्ये सुरू झालेले 'स्वयम्' हे व्यासपीठ अशा सोयी त्या वेळी अस्तित्वात होत्या. तथापि सामान्य अध्यापकाने प्रत्यक्षात हाती घेतले ते व्हॉट्सॲप, आणि त्याच्या जोडीला यूट्यूब व काही ठिकाणी टेलिग्राम. ही निवड कोणत्याही अध्यापनशास्त्रीय विचारातून झालेली नव्हती. ही माध्यमे विद्यार्थ्यांच्या परिचयाची होती, विनामूल्य होती आणि ती कशी वापरावीत हे कोणाला शिकवावे लागत नव्हते, एवढेच त्यामागील कारण होते.

आपत्काळात जे हाताशी असेल ते घ्यावे लागते. त्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. महाविद्यालये पूर्ववत सुरू होऊन काही वर्षे लोटली, तरी वर्गागणिक व्हॉट्सॲप गट कायम राहिले. टिपणे गटावर, प्रश्नपेढी गटावर, परीक्षा अर्जाची अखेरची तारीखही गटावरच. आपत्काळातील तडजोडीचे रूपांतर आता रूढीत झाले आहे आणि रूढ झालेल्या गोष्टीची चिकित्सा सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे सांगता येईल. वर्गात एखादा विद्यार्थी आला नाही, तर त्याचा बाक रिकामा दिसतो. समाजमाध्यमावरील गटात रिकामा बाक दिसत नाही. या साधनाची उपयुक्तता आपण आजवर पोहोचलेल्यांची संख्या मोजून ठरवीत आलो. वस्तुतः न पोहोचलेल्या विद्यार्थ्याचे अस्तित्व ते साधन अध्यापकाच्या लक्षात आणून देते किंवा नाही, ही त्याची खरी कसोटी होय.

१. अंतराचा प्रश्न आणि कोल्हापूरची परंपरा

ऑनलाईन अध्ययन हा मूलतः अंतर दूर करण्याचा एक उपाय आहे. हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगच्या स्थापनेला चालना दिली आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली, तेव्हा त्यामागे हाच प्रश्न होता. खेड्यातील मुलगा आणि शहरातील शाळा यांमधील अंतर केवळ मैलांचे नाही, ते अन्न, निवारा आणि सामाजिक स्थान यांचेही आहे, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणूनच त्यांनी शाळेबरोबर राहण्याजेवण्याचीही सोय केली.

१९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करणारा कायदा झाला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. या तरतुदीतील दंडाच्या कठोरतेविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु तिची दुसरी बाजू आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. दंड करावयाचा तर आधी कोणते मूल शाळेत आलेले नाही, हे शासनाला माहीत असले पाहिजे. म्हणजेच ही व्यवस्था गैरहजर मुलाला केंद्रस्थानी ठेवून उभारलेली होती.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था आणि डॉ. बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये कोल्हापुरात स्थापन केलेली श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था यांनी शाळा-महाविद्यालये गावागावांच्या जवळ नेली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरदार, गृहिणी आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी स्वयंअध्ययनाची पुस्तके व अभ्यासकेंद्रे यांची सांगड घातली. येथेही पुस्तक टपालाने पाठवून काम संपले असे मानले गेले नाही; अभ्यासकेंद्रावर भेटणारा समंत्रक हा त्या रचनेचा आवश्यक घटक राहिला.

या परंपरेचा धागा स्पष्ट आहे. साधन कोणतेही असो, त्याच्या दुसऱ्या टोकाला विद्यार्थी खरोखर आहे की नाही हे पाहणारे कोणीतरी माणूस असले पाहिजे, असे गृहीत धरूनच या व्यवस्था रचल्या गेल्या. समाजमाध्यमांच्या वापरात नेमके हे गृहीतक सुटले आहे.

२. साधनाचे गुण

टीका करण्यापूर्वी या माध्यमांचे गुण मान्य करणे न्यायाचे ठरेल. पहिला गुण म्हणजे काळाची सवलत. पहाटे जनावरांचे दूध काढून ते डेअरीवर घालणारी, नंतर स्वयंपाकाला हातभार लावणारी विद्यार्थिनी सकाळी साडेसातच्या तासाला हजर राहू शकत नाही; परंतु अध्यापकाने पाठविलेली दहा मिनिटांची ध्वनिफीत ती दुपारी ऐकू शकते आणि न समजलेला भाग पुन्हा ऐकू शकते. दुसरा गुण म्हणजे अल्प खर्च. ध्वनिसंदेशाला चित्रफितीच्या मानाने फार थोडा डेटा लागतो. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या डोंगराळ तालुक्यांतील ज्या वाड्यांवर थेट चित्रवर्ग चालू शकत नाही, तेथेही रेंज येताच ध्वनिसंदेश उतरवून घेता येतो. तिसरा गुण असा की, वर्गात उठून बोलायला संकोचणारा विद्यार्थी खासगी संदेशातून मोकळेपणाने शंका विचारतो. हा अनुभव अनेक अध्यापकांना आलेला आहे.

शालेय स्तरावर या गुणांचा पद्धतशीर उपयोग करण्याचा प्रयत्नही झाला. महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही दैनंदिन अभ्यासमाला व्हॉट्सॲपद्वारे शिक्षक व पालकांपर्यंत पोहोचविली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'स्वाध्याय' या नावाने व्हॉट्सॲपवर आधारित साप्ताहिक प्रश्नमंजूषा सुरू केली. या दुसऱ्या उपक्रमात विद्यार्थ्याला उत्तर द्यावे लागत असे. म्हणजे माध्यमाचा ओघ दोन्ही दिशांनी ठेवण्याचा विचार त्यात होता, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोडचा वापर करणारे शिक्षक म्हणून ते सर्वत्र ओळखले जातात. त्यांच्या कार्याचा क्रम मात्र आपण क्वचितच लक्षात घेतो. त्यांनी प्रथम मुलांच्या घरची भाषा शिकून घेतली, पाठ्यपुस्तकातील आशय त्या भाषेत आणला आणि त्यानंतर त्या पुस्तकाला ध्वनिफिती व चित्रफितींची जोड दिली. तंत्रज्ञान तेथे अखेरीस आले. मुलाला काय समजत नाही, याचा शोध आधी घेतला गेला. आपण हा क्रम उलटा केला. गट आधी तयार केला. त्यात कोण आहे आणि कोण नाही, याचा विचार नंतरही केला नाही.

३. 'समाज' वगळलेले समाजमाध्यम

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये अध्ययनातील आंतरक्रियेचे तीन प्रकार सांगितले. पहिली विद्यार्थी आणि आशय यांमधील, दुसरी विद्यार्थी आणि अध्यापक यांमधील व तिसरी विद्यार्थी आणि विद्यार्थी यांमधील. ही मांडणी समाजमाध्यमांच्या जन्मापूर्वीची असली, तरी आपल्या गटांना ती लावून पाहिल्यास उद्बोधक चित्र समोर येते.

आपल्याकडील बहुसंख्य वर्गगटांवर पीडीएफ, यूट्यूबचे दुवे, छायाचित्रित टिपणे आणि सूचना येत असतात. यातून फार तर पहिल्या प्रकारच्या आंतरक्रियेची शक्यता निर्माण होते. त्यासाठी समाजमाध्यमाची आवश्यकता नाही. चांगले पाठ्यपुस्तक तेच काम अधिक समर्थपणे करते. समाजमाध्यमाचे स्वतःचे असे जे सामर्थ्य आहे, ते तिसऱ्या प्रकारात आहे. एकाने शंका विचारावी, दुसऱ्याने उत्तर द्यावे, तिसऱ्याने ते दुरुस्त करावे आणि अध्यापकाने योग्य क्षणी मधे पडावे, ही प्रक्रिया गटात सहज घडू शकते.

परंतु आपण नेमकी हीच वाट बंद केली. केवळ व्यवस्थापकालाच संदेश पाठविता येईल अशी सोय व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये उपलब्ध करून दिली आणि अनेक वर्गगटांनी ती स्वीकारली. त्यामागील कारणे खोटी नाहीत. सुप्रभातीची चित्रे, वाढदिवसाच्या शुभेच्छा, राजकीय अग्रेषित संदेश आणि कधीकधी त्याहून गंभीर प्रकार यांना आळा घालणे आवश्यक असते. तरीही परिणाम असा झाला की, समाजमाध्यमातील 'समाज' वगळला गेला आणि उरला तो केवळ सूचनाफलक. सूचनाफलक उपयुक्त असतो. पण त्याला कोणी वर्ग म्हणत नाही. आपण मात्र अहवालात त्याची नोंद 'माहिती तंत्रज्ञानाधिष्ठित अध्यापन' अशी करतो.

मूल्यांकनाच्या दडपणाचाही येथे विचार करावा लागेल. नॅकच्या चौकटीतील दुसरा निकष अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन यांविषयीचा आहे. त्याखाली पुरावा म्हणून गटाच्या पडद्याची छायाचित्रे जोडणे सोपे असते. त्या छायाचित्रात अध्यापकाने पाठविलेले टिपण दिसते, खाली अंगठ्यांची रांग दिसते. विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न त्यात बहुधा नसतो आणि तो का नाही, असे आपण स्वतःलाही विचारत नाही.

४. न दिसणारा रिकामा बाक

वर्गात शिकविताना अध्यापक नकळत पुष्कळ गोष्टी वाचत असतो. तिसऱ्या रांगेतील कपाळावरची आठी, शेवटच्या बाकावरची कुजबुज, चार दिवस न दिसलेला चेहरा यांवरून तो आपली गती बदलतो, उदाहरण बदलतो, चौकशी करतो. गटावर या खुणा नसतात. त्यांच्या जागी येतात त्या दोन निळ्या खुणा आणि वाचलेल्यांची यादी. संदेश उघडला गेला एवढेच त्यांतून कळते. कोणी उघडला आणि त्याला काय समजले, हे कळत नाही.

या संदर्भात एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. २०२०-२१ या वर्षी प्रस्तुत लेखकाच्या वर्गात पन्हाळा तालुक्यातील एक विद्यार्थिनी होती. पाठविलेल्या प्रत्येक टिपणाच्या वाचकयादीत तिचा क्रमांक असे. म्हणून ती नियमित अभ्यास करते, असा समज झाला. परीक्षेत ती त्या विषयात अनुत्तीर्ण झाली. महाविद्यालय सुरू झाल्यावर विचारणा केली, तेव्हा तिने सांगितले, "सर, नंबर आबांचा आहे. ते शिरोलीला कारखान्यात असतात. कॉलेजचा मेसेज न बघता ठेवायचा नाही म्हणून सुट्टीत बसून ते सगळे उघडायचे. फोन माझ्या हातात यायचा रात्री, तेव्हा दिवसाचा नेट संपलेला असायचा." बापाने आपले कर्तव्य मनापासून केले होते. मुलीची अभ्यास करण्याची तयारी होती. चूक झाली होती ती वाचकयादीला हजेरीपट समजणाऱ्या अध्यापकाची.

हा अपवाद मानता येणार नाही, असे उपलब्ध आकडेवारी सांगते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या कालावधीत, देशातील २३.८ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के, तर ग्रामीण भागात केवळ १४.९ टक्के होते. संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात ४.४ टक्के होती. त्यानंतर स्मार्टफोनचा प्रसार झपाट्याने झाला हे खरे. परंतु ही मोजणी कुटुंबाची आहे, व्यक्तीची नव्हे. घरात एक फोन आहे म्हणजे त्या घरातील विद्यार्थिनीकडे फोन आहे, असा अर्थ होत नाही. घरात भाऊ आणि बहीण दोघेही शिकत असतील, तर तो प्रथम कोणाच्या हाती जातो, हे सांगण्यासाठी सर्वेक्षणाची गरज पडू नये.

व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये गटाची सदस्यमर्यादा २५६ वरून ५१२ आणि पुढे १०२४ पर्यंत वाढविली. एकाच गटात सर्व शाखांचे विद्यार्थी सामावता येतात, याचे आपल्याला समाधान वाटते. मात्र गट जसा मोठा होतो, तसा त्यातील एकटा विद्यार्थी अधिकच दिसेनासा होतो.

५. संशोधनातील तोच दोष

या विषयावर आपल्याकडे २०२० नंतर पुष्कळ शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांतील अनेकांची पद्धती सारखीच आहे. गूगल फॉर्मवर प्रश्नावली तयार करावयाची, तिचा दुवा व्हॉट्सॲप गटावर पाठवावयाचा, शंभर-दोनशे प्रतिसाद मिळाले की टक्केवारी काढावयाची आणि बहुसंख्य विद्यार्थी समाजमाध्यमांद्वारे होणाऱ्या अध्ययनाबाबत समाधानी असल्याचा निष्कर्ष मांडावयाचा. या टीकेतून प्रस्तुत लेखक स्वतःला वगळत नाही. अशा प्रश्नावल्या आपण सर्वांनी पाठविल्या आहेत आणि सहकाऱ्यांच्या भरूनही दिल्या आहेत.

या पद्धतीतील दोष उघड आहे. ज्याच्याकडे फोन नाही, ज्याच्या गावात रेंज नाही, ज्याचा डेटा संपला आहे, जो गटातून बाहेर पडला आहे, तो त्या प्रश्नावलीला उत्तर देऊच शकत नाही. जे साधन तपासावयाचे, त्याच साधनाने नमुना निवडला, तर ते साधन उत्तीर्ण होणार हे आधीच ठरलेले असते. गाडीत बसलेल्या प्रवाशांनाच गाडी मिळाली का, असे विचारण्यासारखे हे आहे.

संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत याचे प्रसिद्ध उदाहरण आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. १९३६ च्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे घेतली होती ती प्रामुख्याने दूरध्वनीच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून. मंदीच्या त्या काळात दूरध्वनी नसलेला मतदार त्या नमुन्यात फारसा नव्हता. शिवाय ज्यांनी मतपत्रिका परत पाठविल्या, तेही सर्वांचे प्रतिनिधी नव्हते. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीची ही चूक आपण दूरध्वनीऐवजी भ्रमणध्वनी घेऊन पुन्हा करीत आहोत. नमुन्याचा आकार वाढविल्याने ती सुधारत नाही. त्यासाठी प्रवेशनोंदवहीतून नावे निवडून, आवश्यक तेथे घरी जाऊन किंवा टपालाने विचारणा करावी लागेल. काम कष्टाचे आहे. परंतु त्यावाचून काढलेल्या निष्कर्षाला फारसा अर्थ नाही.

६. सुरक्षितता आणि सातत्य

विद्यार्थी गटात असूनही नसल्यासारखा का होतो, याला आणखी दोन कारणे आहेत. पहिले सुरक्षिततेचे. साध्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येक सदस्याचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो. वर्गगटातून क्रमांक मिळवून विद्यार्थिनीला नकोसे संदेश येणे ही आपल्या महाविद्यालयांतील तक्रार निवारण समित्यांना अपरिचित बाब नाही. अशा वेळी विद्यार्थिनी बहुधा तक्रार करीत नाही. ती मुकाट्याने गट सोडते किंवा घरचे तिला सोडायला लावतात. त्यानंतर तिच्यापर्यंत टिपण पोहोचत नाही आणि परीक्षा अर्जाची तारीखही कळत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे. अकरावी-बारावीचे बहुतेक सर्व आणि पदवीच्या पहिल्या वर्षातील काही विद्यार्थी या वयोगटात येतात. त्यांचे क्रमांक शेकडो जणांसमोर उघडे ठेवताना आपण संमती विचारली होती काय, हा प्रश्न केवळ नैतिक राहिलेला नाही.

दुसरे कारण सातत्याचे. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा अध्यापन ऑनलाईनच सुरू होते. पूरग्रस्त गावांत वीज खंडित झाली आणि फोन चार्ज करण्याचीही पंचाईत झाली. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील स्टेटसच्या कारणावरून कोल्हापुरात तणाव निर्माण झाला, तेव्हा प्रशासनाने इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवली. ज्या माध्यमातून अफवा पसरतात, त्याच माध्यमातून आपला वर्गही चालत असेल, तर एक बंद करताना दुसराही बंद पडणार. तो निर्णय कायदा व सुव्यवस्थेचा असतो. महाविद्यालयाच्या हाती तो नसतो. म्हणून एखादी महत्त्वाची सूचना केवळ समाजमाध्यमावर देणे हे शैक्षणिकदृष्ट्या बेजबाबदारपणाचे ठरते.

इतर राज्यांतही हा विचार सुरू झाला आहे. केरळमध्ये २०२४ मध्ये उच्च माध्यमिक स्तरावर टिपणे व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांतून पाठविण्यास प्रतिबंध करणारी सूचना निघाली. विद्यार्थ्यांवरील ताण आणि टिपणांच्या छापील प्रती काढण्याचा खर्च ही कारणे त्यामागे होती. सरसकट बंदी हा उपाय प्रस्तुत लेखकास मान्य नाही, कारण तिच्यामुळे दुपारी ध्वनिफीत ऐकणाऱ्या त्या विद्यार्थिनीचे नुकसान होईल. मात्र वर्गात शिकवून झाल्यानंतरची पूरक गोष्ट आणि वर्गाला पर्याय, यांतील भेद त्या सूचनेने अधोरेखित केला, हे मान्य करावे लागेल.

७. काही व्यवहार्य सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात. यांपैकी कशासाठीही स्वतंत्र निधीची आवश्यकता नाही.

(१) प्रवेशाच्या वेळी केवळ भ्रमणध्वनी क्रमांक न घेता तो कोणाचा आहे, दिवसातून किती वेळ विद्यार्थ्याच्या हाती असतो आणि गावात रेंज असते काय, याचीही नोंद घ्यावी.

(२) गटाचा हजेरीपट वाचकयादीवरून न करता प्रतिसादावरून करावा. प्रत्येक टिपणासोबत एक छोटा प्रश्न द्यावा आणि दोन आठवडे ज्यांचे उत्तर नाही, त्यांची यादी करून त्यांना प्रत्यक्ष दूरध्वनी करावा किंवा त्याच गावच्या विद्यार्थ्याकरवी निरोप द्यावा.

(३) सूचनांचा गट आणि चर्चेचा गट वेगळे ठेवावेत. चर्चेचा गट वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचा असावा, तो ठरावीक वेळीच खुला असावा आणि त्या वेळी अध्यापकाने उपस्थित राहावे. रात्री अकरा वाजता येणाऱ्या शंकांमुळे अध्यापकाच्या खासगी वेळेवर जे आक्रमण होते, तेही यामुळे थांबेल.

(४) मराठीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी रोमन लिपीत तुटक मराठी लिहिण्याऐवजी देवनागरीत लिहावे किंवा वहीत उत्तर लिहून त्याचे छायाचित्र पाठवावे, असा आग्रह धरावा. परीक्षेत अखेर सलग उत्तर हातानेच लिहावे लागते.

(५) सदस्यांचे क्रमांक परस्परांना दिसणार नाहीत अशी रचना जेथे शक्य आहे तेथे स्वीकारावी आणि गटाच्या व्यवस्थापनात एका अध्यापिकेचा समावेश असावा.

(६) गटावर जाणारी प्रत्येक महत्त्वाची सूचना महाविद्यालयाच्या फलकावर व ग्रंथालयातही लागावी. मोठी टिपणे ग्रंथालयात छापील स्वरूपात ठेवावीत.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीबरोबर ऑनलाईन अध्ययनाचा वाटा वाढत जाणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम 'स्वयम्'द्वारे घेण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे समाजमाध्यमे वापरावीत की वापरू नयेत, हा वाद आता मागे पडला आहे. ती वापरताना आपण काय मोजणार, हा प्रश्न मात्र उभा आहे.

गटातील सदस्यसंख्या, पाठविलेल्या टिपणांची संख्या, चित्रफितीच्या दर्शकांची संख्या हे सर्व आकडे अध्यापकाच्या श्रमांविषयी काही सांगतात, विद्यार्थ्याच्या अध्ययनाविषयी नव्हे. ज्या नगरीत शंभर वर्षांपूर्वी शाळेत न आलेल्या एकेका मुलाची दखल घेणारा कायदा झाला, तेथील महाविद्यालयांना आपल्या गटातील गैरहजर विद्यार्थी कोण, हे सांगता येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे. समाजमाध्यम हे अध्यापनाचे साधन ठरू शकते. परंतु रिकाम्या बाकाकडे पाहण्याचे काम त्याच्यावर सोपविता येत नाही. ते काम पूर्वीप्रमाणेच अध्यापकाचे आहे. येत्या सत्रात नवा गट तयार करण्यापूर्वी मागील सत्राच्या गटातील ज्या क्रमांकांवरून वर्षभरात एकही प्रश्न आला नाही, ते क्रमांक वेगळे काढून त्यांच्याशी एकदा प्रत्यक्ष बोलावे. या विषयावरील पुढील संशोधनाची सुरुवात तेथूनच होऊ शकेल.